खाटेवर

मोठे डॉक्टर सकाळच्या राउंडला खोलीत आले आणि आबा खाटेवरून उतरायला लागले. मला आधी वाटलं लघवीला लागली असेल. नळी घातलेली असते, पण म्हाताऱ्या माणसाच्या ते लक्षात राहत नाही. पण आबांनी डॉक्टरांकडे एकदाच बघितलं, मान खाली घातली, डाव्या हाताने चादर सारली आणि आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेला पाय ओढत ओढत कडेला आणला. तोंडाने काहीतरी चाललं होतं. मी कान जवळ नेला. "उतरतंय, धनी. उतरतंय." सलाइनची सुई उपटून निघाली, रक्त चादरीवरून फरशीवर गेलं, मी त्यांचे दोन्ही खांदे धरून मागे दाबले आणि माझा बाप मला दाद देईना. ब्याऐंशी वर्षांचं हाड, पण गोदीत झिजलेलं, त्याला खाली जायचं होतं आणि ते जाणार होतं. सिस्टर धावली, वॉर्डची मावशी धावली, तिघींनी मिळून त्यांना आडवं केलं. मोठे डॉक्टर बुटाला रक्त लागू नये म्हणून दोन पावलं मागे सरले होते. पेशंट गोंधळलेला आहे, हात बांधा, असं ते सिस्टरला म्हणाले, आणि मला म्हणाले की आणखी एकदा पडले तर बसवलेला सांधा निघेल, या वयात मी पुन्हा उघडणार नाही, मग हे चालणं विसरा. एवढं सांगून ते पुढच्या खोलीत गेले.

ते गेले, सुई परत टोचली गेली, फरशी पुसली गेली, पण तो शब्द खोलीतून गेला नाही. धनी. हा शब्द मी टीव्हीवरच्या मालिकेत ऐकलाय, आजीच्या तोंडून ऐकलाय, माझ्या बापाच्या तोंडात कधीच नाही. काशीराम म्हणजे आमचे आबा म्हणजे मुंबईच्या गोदीत क्रेनखाली उभं राहून वरच्या ऑपरेटरला हाताच्या खुणा करणारा माणूस. टनाटनाचं वजन याच्या दोन बोटांवर वर जायचं आणि खाली यायचं. रिटायर होऊन लांज्याच्या अलीकडे गावी आले आणि बौद्धवाडीत घर बांधून राहिले. मी तेव्हा नुकतीच एसटीत कंडक्टर म्हणून लागले होते, सुट्टीला गेले होते, निवडणुकीचे दिवस होते. खोतांचा नातू तीन गाड्या घेऊन वाडीत मतं मागायला आला. गावच्या जमिनीवरची त्यांची खोती कायद्याने जाऊन पन्नास वर्षं झाली होती, तरी त्याची गाडी वळणावर दिसली तशी सगळी वाडी उभी राहिली, पायाखाली स्प्रिंग बसवल्यासारखी. आबा अंगणात पाय पसरून काजूच्या बिया निवडत होते. त्यांनी मान वर केली, म्हणाले, बोला, ऐकतोय मी, आणि बिया निवडत राहिले. नातवाला वाकून बोलावं लागलं. तो गेल्यावर शेजारचे रावजीकाका कुरकुरले, काशीराम, जरा उठला असतास तर तुझी उंची कमी झाली असती काय? आबा म्हणाले, माझी नाय, त्याची झाली असती, मी त्याच्यापेक्षा डोकंभर उंच आहे. वाडी आठवडाभर हसत होती. मी हसले नाही. मी ते शिकून घेतलं. आज माझ्या गाडीत कोणाचा कोण चढला तरी मी त्याच्याकडे तिकिटाइतकंच बघते, त्याच्या मुळाशी आबांची ती निवडलेली बी आहे. आणि हा माणूस आता एका हाडाच्या डॉक्टरला बघून खाटेवरून उतरत होता.

फाल्गुनात काजू धरला होता, वानरं बागेत उतरली होती, आबा काठी घेऊन, धोंडे मारत, शिव्या घालत धावले आणि चिऱ्याच्या पायरीवरून घसरले. खुबा मोडला. रत्नागिरीत आणलं, ऑपरेशन झालं, भूल उतरल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं ते हे की मारलेला धोंडा वानराला लागला का. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ते मला आई म्हणाले. मला वाटलं दुखण्याने हाक मारतायत. मग ते मला विचारायला लागले, आये, गोठा झाडून झाला, आता जाऊ काय. आणि मग राउंड आला.

मोठ्या डॉक्टरांच्या मागून फाइल घेऊन फिरणारी एक लहानखुरी डॉक्टर होती, योगिनी नावाची. ती राउंड संपल्यावर परत आली, स्टूल ओढून बसली आणि तिने मला सरळ भाषेत सांगितलं. याला डेलिरियम म्हणतात, भ्रम. हे वेड नव्हे. वय झालेला माणूस हॉस्पिटलात येतो, भूल दिलेली असते, दुखण्यावर कडक औषध चालू असतं, रक्तातलं सोडियम घसरतं, झोपेचं वाटोळं होतं, आजूबाजूला ओळखीचं एक भांडंसुद्धा नसतं, मेंदू गांगरतो. तुमच्या वडिलांचं सोडियम कमी आलंय, ते आम्ही चढवतोय, कडक औषध बदलतोय. बहुतेकांचा भ्रम उतरतो, पण एकदम नाही, वरखाली होत उतरतो. तोवर खिडकीचा पडदा उघडा ठेवा, चष्मा लावा, कानाचं मशीन लावा, कुठे आहोत ते पुन्हा पुन्हा सांगा, आणि त्यांच्याशी वाद घालू नका. मी तिला विचारलं, इथल्या मेंटल हॉस्पिटलला न्यावं लागेल का. रत्नागिरीत राहून हा प्रश्न साधा नाही. अख्खा महाराष्ट्र आमच्या गावाचं नाव घेऊन माणसाला वेडा ठरवतो, आणि आम्ही त्या इस्पितळाच्या भिंतीलगत रोज गाडी नेतो, आतली माणसं बाहेरच्यांपेक्षा बरी असं मी कित्येकदा म्हटलंय. ती हसली, म्हणाली, तिथे नेलंत तर तेही हेच सांगतील आणि परत पाठवतील.

मी चष्मा लावला. कानाचं मशीन लावलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की आबांना खोत आणखी स्पष्ट दिसायला लागले. दारात वॉर्डबॉय आला, उतरतंय, धनी. कँटीनवाला चहा घेऊन आला, उतरतंय, धनी. शेजारच्या खाटेवरच्या दमेकरी म्हाताऱ्याला भेटायला एक पुढारी आला, तेव्हा तर आबांनी दोन्ही हात कपाळाला नेले आणि म्हणाले, जोहार. जिवंत माणसाच्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुढाऱ्याला वाटलं म्हातारा नमस्कार करतोय. त्याने मोठ्या मनाने उलट हात जोडले. मला त्याच्या जोडलेल्या हातांवर थुंकावंसं वाटलं, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

मग पट्टीने हात बांधले. गॉझची मऊ पट्टी असते, सिस्टर सांगत होती लागत नाही हो ताई. लागण्याचा प्रश्न नव्हता. माझा बाप विचारील अशी मी वाट बघत होते. का बांधता, कोण तुम्ही, कुठल्या कायद्याने. गोदीत मुकादमाने एकाची मजुरी कापली तर सगळी क्रेन बंद पाडणारा माणूस तो. त्याने विचारलं नाही. सिस्टरने पट्टी उलगडली तशी त्याने दोन्ही मनगटं आपणहून एकत्र करून पुढे दिली, आणि खालच्या आवाजात, पोराच्या आवाजात म्हणाला, "फणस मी नाय उतरवला, धनी. वानरांनी पाडला."

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. माझ्या बापाला कधीतरी, कुठेतरी, कुठल्यातरी झाडाला नाहीतर खांबाला, एका फणसापायी बांधलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं. आबांच्या सगळ्या गोष्टी ते चौदा वर्षांचे असतानापासून सुरू व्हायच्या. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले, टोपली आबांच्या डोक्यावर दिली, नदीपर्यंत ते घेऊन गेले आणि देव पाण्यात सोडले, देव बुडताना बुडबुडे आले ते सुद्धा ते सांगायचे. तिथून पुढे मुंबई, रात्रशाळा, गोदी, युनियन, आई. त्याच्या आधीचं काहीच नाही. चौदा वर्षांच्या आधीचा काशीराम जन्मालाच आला नव्हता असं ते वागले, आणि मी ते मान्य करून टाकलं होतं. लहानपणचं कोणाला आठवतं एवढं. आता कळलं की आठवत होतं. सगळं जागच्या जागी होतं, गोठा, झाडू, फणस, पाठीत वाकण्याची जागा. सत्तर वर्षं हा माणूस त्याच्यावर बसून होता, हलू देत नव्हता, आणि कुठल्यातरी मिठाचं प्रमाण रक्तात थोडं खाली आलं तर ते सगळं बाहेर. मला डॉक्टरांचा राग आला, सोडियमचा आला, आबांचाही आला, की एकट्याने का सांभाळलंत. आम्ही होतो ना. मी तेव्हा शाळेतून भांडणं करून यायचे, कोणी काही बोललं की दप्तर डोक्यात घालायचे, आणि तुम्ही शाबासकी द्यायचात, तेव्हा सांगायचं होतं. शाबासकी कशाबद्दल देत होतात ते मला कळलं असतं.

दुपारी जेवू घालायला मी पट्टी सोडली आणि नेमका शेजारच्या म्हाताऱ्याचा मुलगा डबा घेऊन आत आला. गुरुप्रसाद त्याचं नाव, साठी उलटलेला, गणपतीपुळ्याला लॉज चालवतो, पांढरा झब्बा, आवाज असा की फोनशिवाय पुळ्यापर्यंत जावा. आबांचा पाय लगेच कडेला आला. भाताचा हात माझा, मी धरू कशी. गुरुप्रसादने ते बघितलं आणि घाबरून तो ओरडला, "अरे, हलू नको. झोप खाली." आबा जागच्या जागी थिजले. मग "जी" म्हणाले आणि आडवे झाले. अगदी सरळ आडवे झाले, पाय जुळवून, हात कुशीला लावून. गुरुप्रसादला आश्चर्य वाटलं. त्याने विचारलं, काय रे, नाव काय तुझं. "काश्या, धनी. महादूचा काश्या."

तिथून ते सुरू झालं. सिस्टर म्हणाली, काका, तुमचं कसं ऐकतात हो, जरा गोळ्या पण घ्यायला सांगा ना. गुरुप्रसाद म्हणाला, काश्या, गोळी गीळ. आबांनी गोळी गिळली. काश्या, पाणी पी. पाणी प्याले. मी सकाळपासून नाकदुऱ्या काढत होते, एक घास जात नव्हता, आणि आता अर्धी वाटी पेज गेली. मावशी कौतुकाने म्हणाली, बाई गो, नुसत्या आवाजावर. पट्टी परत बांधायची वेळच आली नाही. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना कोणीतरी सांगितलं, ते दारातूनच बघून खूश झाले, म्हणाले, छान, हेच चालू ठेवा, दोरीपेक्षा बरं. खोलीत सगळ्यांचे चेहरे हलके झाले होते. एक म्हातारा पडायचा वाचला होता, आणि तो वाचावा असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं, कोणी वाईट नव्हतं, आणि माझ्या अंगाची आग होत होती. कारण डॉक्टर बोलले ते खोटं नव्हतं. दोरीपेक्षा बरंच होतं. दोरी मनगटाला असते, ती दिसते, सोडता येते.

गुरुप्रसादला ते लागलं होतं हे मला नंतर कळलं. आबा झोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, म्हणाला, ताई, मला हे बरं नाही वाटत. पण पडले तर काय करायचं. आणि मग म्हणाला, आमच्याकडे पण खोती होती, आजोबांच्या वेळी, दोन गावांची. हा आवाज रक्तातच असणार. मी म्हटलं, रक्तात नसतो हो आवाज, सवयीत असतो. माझ्या बापाने पण ती लावून घेतली, त्याचाही एवढाच आहे, तुम्ही ऐकला नाहीत. त्याने आपल्या वडिलांच्या खाटेकडे बघितलं. मग म्हणाला, मी नको बोलू का? मी म्हटलं, मला विचार करू द्या. त्याला तेवढंच सांगता येत होतं मला. नको बोलू म्हणाले असते आणि आबा पडले असते तर तो सांधा मी कुठून आणणार होते.

मुंबईहून संदेशचा फोन आला, माझा धाकटा भाऊ, नालासोपाऱ्याला असतो, रजा मिळाली की निघणार होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, शब्दच आहेत गो ते. आबा बरे झाले की त्यांना आठवणार पण नाही. मी म्हटलं, मला आठवणार. तो म्हणाला, तुझ्या आठवणीसाठी त्यांचा पाय घालवायचा काय. तो चूक बोलत नव्हता, म्हणूनच मी त्याच्यावर ओरडले. माझा बाप जायचाच असला तर काशीराम म्हणून जाईल, काश्या म्हणून बरा झालेला मला नको, असं मी बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर मला ते पटलं नाही. मला दोन्ही हवं होतं. पायही आणि काशीरामही. एवढं मागायला मला कोणाची परवानगी लागत नाही. संदेशने विचारलं, मग करणार काय तू? मी म्हटलं, बघते मी, आणि फोन ठेवला.

मी बघायला लागले. नुसतं बघायला, गाडी घाटातून जाताना मागच्या दारात उभं राहून बघते तसं. खिडकीबाहेर चिऱ्याची भिंत होती, तिच्यावर उतरतं ऊन होतं. मावशी फरशी पुसायला आली, उकिडवी बसून पुसत खाटेखाली गेली, आबा शांत. सिस्टर आली, उभी राहिली, नाडी बघितली. आबांची बोटं चादरीशी खेळायला लागली, पण पाय हलला नाही, बाईमाणूस होती. दमेकऱ्याला बघायला कोणी पुरुष आला, पाय कडेला. तो गुरुप्रसादच्या एका आवाजाने मागे गेला. आणि तेव्हा मला दिसलं की पाय जातो तो दाराकडे जात नाही. आबांना पळायचं नव्हतं. उभंही राहायचं नव्हतं. आम्ही सगळे म्हणत होतो पेशंट उठतोय, पेशंट उठतोय. पेशंट उठत नव्हता, तो उतरत होता. तो तोंडाने तेच सांगत होता, आणि मी सकाळपासून त्यातल्या धनी या शब्दावर जळत बसले होते. त्यांना फरशीवर जायचं होतं.

चिमाआजी, आबांची आई, मला कुशीत घेऊन सांगायची तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. तुझा आजा तापाने फणफणला होता, अंगणात खाट टाकून त्यावर निजवला होता, आणि बांधावरून खोत चालले. आजा खाली उतरला. मांडी घालून चिखलात बसला, खोत दिसेनासे होईपर्यंत. आपल्या अंगणात, आपल्या खाटेवर, पण खोताच्या नजरेच्या वर आपलं ढुंगण असता कामा नये. तुझा बापूस एवढासा होता, त्याने आज्याला धरलंनी होतं, नायतर तो तिथेच पडला असता. आजी हे सांगताना हसायची. म्हणायची, खाटेला काय कळतं गो तिच्यावर कोण निजलाय ते. मला ती गोष्ट म्हणून आवडायची, खोत म्हणजे राक्षसासारखा काहीतरी. आता तो एवढासा पोरगा माझ्यासमोर ब्याऐंशी वर्षांचा होऊन लोखंडी खाटेवर पडला होता, खाटेला चाकं होती, कठडा होता, बटण दाबलं की डोक्याची बाजू आणखी उंच व्हायची. सिस्टरने श्वास बरा व्हावा म्हणून ती उंच केली होती. आणि प्रत्येक उभा पुरुष त्यांच्याकडे बघत होता. त्या पोराने काय करावं. ते तो करत होता, आणि आम्ही त्याला बांधत होतो.

एकदा हे दिसल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ संपला. हिशेब सोपा होता. एक खाटेवर आहे आणि एक उभा आहे, हे त्यांच्याच्याने सहन होत नाही. आपला माणूस खाली येऊ शकत नाही, त्याचा खुबा मोडेल. मग दुसऱ्याने खाली जायचं. योगिनी डॉक्टरला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, करून बघू, याला औषध लागत नाही. पण सर ऐकतील का, मला सांगता येत नाही. मी म्हटलं, सरांचं मी बघते.

गुरुप्रसादला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाठला. म्हटलं, भाऊ, आजपासून हुकूम द्यायचा नाही. त्याला सुटल्यासारखं झालं, तो म्हणाला, बरं झालं ताई. मी म्हटलं, खाली बसायचं. तो म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, आबांच्या खाटेजवळ, फरशीवर, मांडी घालून. त्याने फरशीकडे बघितलं, मग आपल्या झब्ब्याकडे.

"फरशीवर?"

"फरशीवर."

"माझे गुडघे गेलेत हो ताई."

"माझ्या बापाचा खुबा गेलाय."

तो आपल्या वडिलांच्या खाटेकडे जाऊन त्यांची उशी सारखी करत राहिला. मी त्याला आणखी काही समजावलं नाही. आजीची गोष्ट सांगितली असती तर तो रडला असता बहुतेक, चांगला माणूस आहे, आणि मला त्याचं रडणं नको होतं. मला त्याचं बूड जमिनीला टेकलेलं हवं होतं.

राउंडची चाहूल लागली. बाहेर पावलं, मोठ्या डॉक्टरांचा आवाज. आबांच्या डोळ्यांत कालचं ते आलं, चादर बाजूला झाली. मी उठून दारात गेले आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. म्हटलं, डॉक्टर, दोन मिनिटं इथेच थांबा. ते म्हणाले, काय प्रकार आहे हा? मी म्हटलं, आत यायचं तर खाली बसून बोलायचं, नाहीतर बाहेरूनच बघा. त्यांच्या मागे चारपाच शिकाऊ डॉक्टर पोरंपोरी होती, त्यांच्यादेखत त्यांना हे कोणी बोललं नसेल. ते लाल झाले. म्हणाले, बाई, हे हॉस्पिटल आहे, मी तुमच्या वडिलांचा सर्जन आहे. मी म्हटलं, आहात, आणि हाड तुम्ही छान बसवलंत, ते तसंच राहावं म्हणून सांगतेय. योगिनी मागून हळूच म्हणाली, सर, दोनच मिनिटं. मी मागे वळून बघत नव्हते. मला पाठीमागे आबांचा पाय चादरीवरून घासत कडेला येतोय तो आवाज येत होता, आणि मला वाटलं मी चुकले, मी दारात उभी आहे आणि ते पडणार, आणि तरी मी दार सोडलं नाही.

मग गुडघे वाजले. खरोखर वाजले, दोन्ही, एकामागून एक. मी वळले. गुरुप्रसाद खाटेचा कठडा धरून खाली चालला होता, ओठ दाबून, झब्बा सावरत, आणि मग तो बसला. पुळ्याचा लॉजवाला, दोन गावांच्या खोताचा नातू, फिनेलच्या वासाच्या फरशीवर मांडी घालून. त्याचं डोकं खाटेच्या कडेच्या खाली गेलं. आबांचा पाय अर्धा बाहेर लोंबत होता, तो तिथेच थांबला. आबांनी चष्म्यातून खाली बघितलं. किती वेळ ते कोणास ठाऊक. त्यांची मान कधी वर झाली ते मला कळलं नाही, पण ती वर झाली होती, आणि ते वरून खाली बघत होते, गोदीत जहाजाच्या पोटात बघावं तसं.

"कोण?" आबा म्हणाले. तो पोराचा आवाज नव्हता.

गुरुप्रसाद म्हणाला, "मी गुरुप्रसाद. तुमच्या शेजारचा." काल दिवसभर तो माझ्या बापाला अरेतुरे करत होता. आता त्याच्या तोंडून तुमच्या निघालं ते मी सांगितलं नव्हतं.

"मग खाली का बसलात?" आबांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. कपाळाला आठी पडली, आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायला उशीर झाला की पडायची तशी. त्यांनी लोंबणारा पाय आपणहून, दुखत होता तरी दात खाऊन, आत घेतला. मग चांगल्या पायाने चादर मागे लोटली आणि खाटेवर आपल्या शेजारी वीतभर जागा केली. "उठा, उठा. आमच्याकडे असं खाली कोण बसत नाय. बंद केलंय ते. वर बसा, चहा टाकलाय."

चहा कुठेच टाकलेला नव्हता. ते अजून घरी होते, आपल्या गावात, कुठल्या वर्षात ते त्यांचं त्यांना माहीत. भ्रम काही उतरला नव्हता, आणि योगिनीने मला आधीच सांगितलं होतं की तो वरखाली होत जाईल. मला त्याची घाई राहिली नव्हती. गुरुप्रसाद कठड्याला धरून कसाबसा उठला आणि अवघडून, अगदी कडेला, माझ्या बापाच्या खाटेवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं ते गुडघ्यांचं असेल. मी दारावरचे हात काढले. मोठे डॉक्टर आत आले आणि खाटेशी येऊन उभे राहिले, सवयीने, हात पाठीमागे. आबांनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पाय हलला नाही.

"नंदे," आबा म्हणाले, माझ्या नावाने, "हे कोण उभे? बसायला सांग त्यांना."

मागची पोरं आता भिंतीकडे बघत होती. मोठे डॉक्टर मान वळवून खोलीत इकडेतिकडे बसायला जागा शोधत होते.